दोन बालगॅरो आणि एक मास्तर

सकाळपासून पाऊस धड पडत नव्हता आणि धड थांबतही नव्हता. टेकडीवरनं उतरलेलं धुकं ओल्या गोधडीसारखं गावावर पडून होतं, आणि त्या चिखलात नेट्टा गॉल्ड बटाटे काढत होती. तिचा वाफा म्हणजे एकेकाळची रेल्वेलाइन. दोन्ही अंगांना दगडी फलाट, आणि मधे जिथं रूळ होते तिथं बटाटे. लाइन बंद पडली तेव्हा तिच्या बापानं स्टेशनच राहायला घेतलं होतं. स्टेशनचा लोखंडी पूल भंगारात गेला आणि नेट्टा तिकीटखिडकीच्या खोलीत स्वयंपाक करू लागली.

बाई उंच, हाडापेरानं दणकट. सारी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आडनाव बदलण्यापायी केलं आसतं, पन मानूस मनाला येईना."

आडनावाचं तिचं दुखणं आमच्या बालगॅरोत पोराटोरांना ठाऊक. शाळेच्या पटांगणात पोरी दोरीवर उड्या मारायच्या, आणि नेट्टा खिडकीआड जवाचं सूप ढवळत ऐकायची:

मास्तर मास्तर, उघडा दार,
हिमाचा बसतोय मार फार!
चला निघा, पुलापार,
गाव कुठं लांब फार?

शेवटची उडी मारताना पोरी "गॉल्ड!" म्हणून ओरडायच्या आणि दोरीबाहेर पळायच्या. गॉल्ड म्हणजे डूगल गॉल्ड, नेट्टाचा आजोबा, बालगॅरोचा स्टेशनमास्तर. हिमवादळात गाडी अडकली, मास्तरनं उतारूंच्या खोलीला कुलूप घातलं, 'गाव कुठं लांब' म्हणून वाट दाखवली, माणसं पायी निघाली आणि पेग मॅकइन्स नावाची म्हातारी वाटेत गोठून मेली, अशी ती गोष्ट. नेट्टा त्याच पोरींना सूप वाढायची, वाडगा काठोकाठ भरून. एकीलाही कधी कमी घातलं नाही.

तर त्या सकाळी रॉडरिक पर्डी आला. खाटकाचं दुकान पोराच्या हवाली करून हा आता गावच्या सभागृहाचा कारभार बघत होता. जुन्या लाइनवर चालणाऱ्यांसाठी पायवाट झाली होती आणि तिच्या कडेनं गावाच्या इतिहासाच्या पाट्या लावायचं त्याच्या डोक्यात होतं.

"नेट्टा, पाटी रंगवून झाली. शनिवारी लावतोय, फाटकापाशी."

"कुनाच्या फाटकापाशी?"

"तुझ्याच की. स्टेशन काय माझ्या दुकानात होतं व्हय?"

त्यानं मजकूर वाचून दाखवला. कुलूप, हिम, पेग म्हातारी, आणि डूगल गॉल्डचं नाव ठसठशीत.

"ग्वाड लिवलंयस," नेट्टा म्हणाली.

"इतिहास म्हटला की कडूगोड आलंच. शहरातली माणसं असलं वाचायला थांबतात, आणि थांबली की सभागृहात चहा पितात."

"आन् म्या रोज फाटक उघडताना वाचायचं?"

"बये, अख्ख्या गावाला पाठ आहे. तू काय नवं वाचणार?"

नेट्टानं कुदळ जमिनीत रोवली. "आजा आजारी शेजाऱ्यास्नी औषिद आनून देत व्हता म्हनं. एखादी चांगली ओळ घाल त्याच्यासाठी."

पर्डी तसा दगड नव्हता. धुक्यात डोळे बारीक करून म्हणाला, "कुणी खात्रीचं सांगितलं तर घालीन. पण शनिवारच्या आत."

खात्रीचं सांगणारा एकच माणूस उरला होता. वॉटी इम्लाक, लाइनवरचा शेवटला सिग्नलवाला, चर्चमागच्या घरात राहायचा. कानानं अधू, जिभेनं नाही. दुपारी नेट्टा त्याच्याकडं गेली. तो शेगडीशी पाय शेकत बसला होता.

"ये कोंबडे, बस." लाडात आले की आमच्याकडचे म्हातारे बाईला कोंबडीच म्हणतात, मग ती सत्तरीची का असेना.

नेट्टानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन पाटीचं सांगितलं. "आजाचं एखादं चांगलं काम ठावं आसंल तर सांग. म्हंजे पेग म्हातारीच्या खाली लिवता यील."

"कुनाच्या?"

"पेग मॅकइन्सच्या. कुलपाची गोष्ट न्हाई का."

वॉटीनं शेगडीपासनं पाय मागं घेतले. "आन् त्येच्यात तुझा आजा कुठनं आला?"

"मास्तर व्हता की त्यो. गान्यात हाय."

"गान्यात हाय? आगं, माझी आई परकरी पोर आसताना त्या गान्यावर उड्या मारायची. तवा तुझ्या घराची वीटबी भाजली नव्हती. ह्या गावात रूळच आलं नव्हतं."

शेगडीत कोळसा फुटला. नेट्टाला वाटलं, म्हातारा भरकटला. "वॉटी, बालगॅरो स्टेशन म्हनत्यात त्या गोष्टीत. बालगॅरो म्हंजे माझंच की."

"आता तुझं. आदी माळावरचं व्हतं."

मग त्यानं सांगितलं ते असं. पहिली लाइन नदीपल्याडच्या माळावरनं गेली होती. तिथं स्टेशन बांधलं आणि गाव तिथनं लांब असूनही नाव दिलं बालगॅरो. पुढं गावात फाटा आला, नवं स्टेशन झालं. नवं खुद्द गावात, म्हणून बालगॅरो हे नाव त्याला गेलं. माळावरच्याच्या नावाला शेपूट लावलं: बालगॅरो रोड.

"रेल्वेच्या बोलीत 'रोड' म्हंजे काय, सांग बरं."

"रस्ता."

"रस्ता न्हवं. 'रोड' म्हंजे गाव हितं न्हाई, बाबा, उतर आन् चाल. पन आपली मानसं आळशी, शेपूट कोन बोलतंय? दोन्हीलाबी बालगॅरोच म्हनायचं. मेलेल्याचा कोट जित्याच्या अंगात घालावा तसं नाव आलं तुझ्या आजाच्या बोडक्यावर. आन् कोटाच्या खिशात ते पाप."

"मग पोरी गॉल्ड का म्हनत्यात?"

"तुझा आजा पोरास्नी फलाटावर उभं करत नव्हता. पोरं मास्तरावर सूड उगवायला काय कोरटात जात्यात?"

"पन त्यो पूल? पुलापार म्हंजे माझ्या दारचा लोखंडी पूल की."

वॉटीनं कपाळाला हात लावला. "तुझ्या दारचा पूल ह्या फलाटावरनं त्या फलाटावर जायचा. त्यो ओलांडून म्हातारी कुठं गोठनार, मुतारीत? आन् तुझ्या दारात उभं ऱ्हाऊन 'गाव कुठं लांब' आसं कोन म्हनंल? गाव तर नाकावर हाय."

जन्मभर ऐकलेलं गाणं नेट्टानं मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं, सावकाश, दोरीविना. मग ती उठली आणि तडक पर्डीच्या दारात गेली.

पर्डीनं ऐकून घेतलं, पण मान हलवली. "वॉटीला मागच्या आठवड्यात मी माझा बाप वाटलो होतो."

"मग चल माळावर. तिघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गाडीतनं तिघं निघाले, वॉटी पुढं, नेट्टा मागं मटणाच्या रिकाम्या परातींमधे. माळावर वारा कान कापत होता. स्टेशनचं छप्पर गेलेलं, भिंती उभ्या, आत मेंढ्यांची लेंडकं. खाली फिनर नदी, तिच्यावर जुना दगडी पूल, आणि पलीकडं लांब खाली गावाचा धूर, काडीएवढा.

पर्डी पुलाच्या अंगाला वळला. मग ओठातल्या ओठात गाणं पुटपुटला.

"तरी नावाचं काय?" तो म्हणाला. "हे पहिल्यापासनंच रोड नसेल कशावरनं?"

वॉटीनं काठी वर केली. "स्टेशनच्या नावाची पाटी लाकडाची व्हती, ती नव्यानं रंगवली. हे कुनाला रंगवता आलं न्हाई."

उतारूंच्या खोलीच्या दारावर एकच लांब शिळा होती. नेट्टानं तिथं पडलेली ओली चिंधी उचलून शेवाळ पुसलं. या टोकापासनं त्या टोकापर्यंत अक्षरं खोदलेली, शिळा पुरती भरून: बालगॅरो. शेपटाला जागाच नव्हती.

"दगडाला काय शेपूट फुटलं न्हाई," वॉटी म्हणाला आणि खोकेस्तोवर हसला.

नेट्टा त्या दाराच्या उंबऱ्यावर बसली. लेंडकात बसली हे तिच्या ध्यानातही नव्हतं. खांद्यावरनं कावड उतरवल्यावर माणूस कसा थोडा वेळ वाकलेलाच राहतो, तशी बसली. मग हळूहळू पाठ सरळ झाली.

पर्डीनं टोपी काढून हातात घेतली. "नेट्टा, मीपण शाळेत ओरडायचो. गॉल्ड म्हणून."

"ठावं हाय. तुझा आवाज सगळ्यात घोगरा."

"पाटी इथं आणून लावू. पण मग इथला मास्तर कोण होता, वॉटी?"

वॉटीनं तोंड उघडलं, पण नेट्टानं त्याचा दंड धरला. "सांगू नगंस. त्याचीबी कुठंतरी नात आसंल."

"बिननावाची पाटी?" पर्डी म्हणाला.

"पेगचं नाव घाल. ती मेली, ती खरी."

पर्डी दाढी खाजवत राहिला, मग म्हणाला, "बरं. पेगचंच घालू." आणि वॉटीला धरून गाडीत बसवायला गेला.

गावात परतले तेव्हा पाऊस उघडला होता. तिच्या घराच्या पन्हाळीत बीच झाडाची पानं तुंबून पाणी भिंतीवरनं ओघळत होतं. नेट्टानं अंगावरचा कोट फाटकावर टाकला आणि शेडमधनं शिडी ओढली.

"आता या वयात वर चढणार?" पर्डी म्हणाला.

"शिडी धरतोस, का नुसता इतिहासच लिवतोस?"

त्यानं शिडी धरली. ती वर गेली, कोपरापर्यंत हात पन्हाळीत घातला आणि कुजक्या पानांचा पहिला लगदा खाली भिरकावला. पर्डी जरा उशिरानं बाजूला झाला.