बत्तीसच्या फाइलमधली आई

आमच्या जयवंतरावांना आयुष्यात एक गोष्ट फार मनापासून जमली, ती म्हणजे कमी जागेत जास्त गाणी बसवणं. बाजव्याच्या एका कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते. रावपुऱ्यातून कंपनीची बस निघाली की कानात इअरफोनची ती दोन बोंडं घालायची, ती थेट गेटावर काढायची. गल्लीतल्या कोणीही मेमरी कार्ड पुढे केलं की हे घरी आणून भरून देणार. मागणाऱ्याला दोनशे गाणी पुरेशी असत, पण हजार कोंबल्याशिवाय यांच्या जिवाला चैन पडत नसे.

एका सेकंदाच्या गाण्यावर किती माहिती खर्च करायची, तो बिटरेट. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की शाळेत मुलांना पाढे शिकवताना माझ्या तोंडून एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, तीनशेवीस असं निघायचं बाकी होतं. आकडा वाढला की आवाज चांगला आणि फाइल मोठी. फ्लॅक नावाच्या प्रकारात काहीच टाकून देत नाहीत, पण ती ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं, असं त्यांचं मत. एमपीथ्रीमध्ये कानाला ज्याची गरज नाही तेवढंच काढतात. कणीक चाळून कोंडा टाकावा तसं, असं ते म्हणत. कोंडा कुठला आणि कणीक कुठली हे कोण ठरवतं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांचा पहिला प्लेअर लिपस्टिकएवढा होता आणि त्यात जागाही तेवढीच. सासूबाईंच्या, म्हणजे कुसुमावतींच्या गाण्याच्या कॅसेट त्यांनी याच प्लेअरसाठी संगणकावर घेतल्या. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, मंगळागौरीची गाणी. सासूबाई मांडीवर हाताने ताल धरून गात. जयवंतरावांनी आधी कॅसेटची खरखर काढली. त्याबरोबर आणखी काय काय खडखडत, किणकिणत होतं तेही साफ केलं. मग सगळं बत्तीसच्या बिटरेटला दाबून बसवलं. आईचा अख्खा संग्रह चिमटीत मावला म्हणून आठवडाभर स्वारी खुशीत होती. नातेवाइकांना कार्डं भरभरून वाटली. कॅसेटचा खोका भंगारवाल्याच्या लारीवर गेला.

त्यानंतर काही वर्षांनी सासूबाई गेल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे दत्ताजीराव, मागे राहिले. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि पाठीचा कणा त्या घराण्याला वारशाने मिळालेला. बायकोच्या मागेही ते ताठ राहिले. गेल्या वर्षापासून मात्र त्यांना विसर पडायला लागला, आणि या उन्हाळ्यात तापातून उठले ते सासूबाई गेल्याचंच विसरले. ताट समोर आलं की म्हणायचे, कुसुमला बोलव. त्या होत्या तोवर त्या बसल्याशिवाय ते कधी जेवलेच नव्हते. आम्ही म्हणायचो, येतील, तुम्ही सुरू करा. ते हात धुऊन बसून राहायचे आणि वरण गार व्हायचं.

जयवंतरावांना वाटलं, आईचा आवाज घरात ऐकू आला तर बाबा जेवतील. आत गातेय म्हणून सांगू. त्यांनी तो संग्रह छोट्या स्पीकरवर लावून स्वयंपाकघरात ठेवला. ओवी सुरू झाली आणि मामंजींचा चेहरा असा उजळला की मी ताटावरचा हात मागे घेतला. त्यांनी मान कलती करून ऐकलं. दुसऱ्या कडव्याला चेहरा विझला. आणखी थोडं ऐकून त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

तेव्हापासून पोटात अन्न जाईना. आधी निदान ते वाट तरी बघत होते, आता तेही संपलं. दूध ओठांवरून ओघळायचं. दवाखान्यात सलाइन लावलं तर त्यांनी सुई उपटून टाकली. डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी राहावी म्हणून हात बांधावे लागतील. मामंजींचे हात बांधायचे. हे ऐकून जयवंतराव वडिलांना घरी घेऊन आले.

आल्या आल्या त्यांनी संगणक उघडला. दोष आवाजाचाच आहे, आई ओळखूच येत नाही इतका तो चपटा झालाय, असं ते धरून चालले. बत्तीसची फाइल त्यांनी तीनशेवीसची केली. फाइल टम्म फुगली, आवाज जिथल्या तिथे. मग तिची फ्लॅक केली. महागातले हेडफोन आणले, मामंजींच्या कानावर चढवले. त्यांनी ते काढून उशीखाली सारले. ज्या माणसाने गल्लीला शिकवलं की फेकलेला कोंडा चाळणीत परत येत नाही, तोच माणूस एकच फाइल पुन्हा पुन्हा मोठी करत बसला होता. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग मूळ आवाजाचा शोध सुरू झाला. सासूबाईंच्या बहिणीला, निरुपमामावशींना इंदूरला फोन केला. त्यांच्याकडे कॅसेटच्या नकला होत्या. त्या म्हणाल्या, तू कार्ड दिल्यावर त्या काढून टाकल्या, कपाटात किती अडगळ ठेवायची. राहिले पाणीगेटचे भास्करमामा, सासूबाईंचे भाऊ. स्कूटरवर मी मागे बसले होते आणि हे सिग्नलही बघत नव्हते. मामांनी कपाटातून अगदी जपून एक डबी काढली. आत कापसात ठेवलेलं मेमरी कार्ड होतं.

"अरे दिकरा, तूच तर दिलं होतंस ने," मामा आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत कौतुकाने म्हणाले. "यासाठी कॅसेटी टाकल्या मी."

जयवंतरावांनी ते कार्ड कपाळाला लावलं आणि तिथेच रडू लागले. मामांना वाटलं, बहिणीची आठवण आली. सगळ्या नात्यात सासूबाईंचा जेवढा आवाज शिल्लक होता तो यांनीच केलेला होता, बत्तीसचा.

रविवारी दुपारी मी भात मऊ कालवून आणला. स्पीकर चालूच होता, बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. जयवंतराव वडिलांच्या पायाशी बसले होते.

"बाबा, मला काहीच समज पडत नाहीये," ते म्हणाले. "काय चुकलं तेवढं सांगा."

 मामंजींनी मुलाकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "जयवंता, मी केव्हा गेलो रे?"

आम्हाला काही उमगेना. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"ऐक ना. हात मांडीवर पडतोय तिचा, आणि वाजत काहीच नाही. बांगड्या नाहीत हातात." मग आपली समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मी गेलो म्हणून काढल्या असतील. मला जेवायला कशाला वाढता?"

मी भाताची वाटी खाली ठेवली. सासूबाई गेल्या त्या भरल्या हातांनी, हिरव्या चुड्यासकट. त्यांना घरातून शेवटचं नेताना मी स्वतः तो चुडा नीट केला होता. जयवंतरावांनी तोंडावर पदर घ्यावा तसा शर्टाचा कोपरा धरला होता.

"मीच काढल्या, रूपाली," ते म्हणाले. "आईच्या हातातल्या बांगड्या मी काढल्या."

मी उठले. माझ्या एका हातात घड्याळ असतं, दुसऱ्यात पातळ कडं. कपाटात पुतणीच्या लग्नात भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या आता हातात जाईनात, तेव्हा साबण लावून चढवल्या. दोन फुटल्या, मनगटावर ओरखडा आला. स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, स्पीकर जवळ ओढला आणि सासूबाईंच्या ओवीवर मांडीवर हात मारू लागले. मला गाता येत नाही, तालाचंही फारसं कळत नाही. त्या जसा ठेका धरत तो डोळ्यांपुढे आणत होते आणि मनात एकच चाललं होतं, ऐका, कृपा करून ऐका.

पलीकडे काही हालचाल नव्हती. एक कडवं झालं, दुसरं झालं. मी हात आणखी जोरात मारू लागले, आणि बांगड्या उगाच जास्त वाजत होत्या. मग पलंग करकरला. दारातून दिसलं, जयवंतरावांनी वडिलांना उठवून बसवलं होतं आणि घास ओठांपाशी धरला होता.  मामंजींनी तोंड उघडलं.

मला हुंदका आला आणि ठेका सुटला. भलत्याच घाईने मी तो धरायला गेले. पलीकडून मामंजींचा आवाज आला, जुना, हुकमी.

"कुसुम, पळू नकोस. जेवतोय अजून मी."

जयवंतरावांनी पुढचा घास कालवला.