आबांच्या कानातली गिरण

आज सकाळी उठले आणि खोली गरगर फिरली. दवाखान्यात जाऊन आले, अजूनही भिंतीला टेकूनच बसलेय, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

डॉक्टरांनी विचारलं, "कानात आवाज येतो?"

"भाताची गिरण चालल्यासारखा," मी म्हणाले आणि चरकले.

सत्तरच्या दशकात, खालापूरजवळच्या आमच्या गावात, माझे वडील, आबा, भाताच्या लावणीत बांधावरून कोसळायचे. लोक हसायचे, "सकाळीच ढोसलीस काय रं?" आई मला पिटाळायची, "जा गं, आबांचं तोंड हुंगून ये." वास कधीच यायचा नाही. आबा म्हणायचे, "कानात गिरण चालू हाय गं." आम्हाला तो बहाणा वाटायचा.

डॉक्टर म्हणाले, शरीराचा तोल आतल्या कानात असतो. तिथलं पाणी वाढलं की माणूस कोसळतो.

आबा कानाचं सांगत होते आणि मी तोंड हुंगत होते. तुमच्या घरात आत्ता कोण काय सांगतंय?