हार कोणी घालायचा

आमच्या नेत्यांच्या जयंतीच्या सकाळी ग्रामपंचायतीत सगळे प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत ताटकळले होते. तिथे झाडलोट करणारी माझी मावशी दरवर्षी नेत्यांचा फोटो पुसून बाजूला होते. या वेळी तिने हारही उचलला.

"अगं सखू, पाहुणे यायचेत," सरपंच म्हणाले.

"येऊ द्या की. टाळ्या वाजवायला बसवू त्यांना," म्हणत तिने हार घातला.

या दिवसाला सरकारी सुट्टी मिळण्याआधी कितीतरी वर्षं आमच्या वस्तीतल्या बायका अंगणात पाटावर फोटो मांडून जयंती करत. त्यांचं पाहुण्यावाचून अडलं नाही. याच नेत्यांमुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो, तरी या कार्यक्रमात मागच्या रांगेत गप्प बसत आलो.

सरपंचांनी हार काढायला हात पुढे केला, तेव्हा मी उठलो आणि फोटोसमोर जाऊन उभा राहिलो.