खफजीची बीएमपी आणि खांद्यावरच्या दोन थापा

आम्ही दोघे मुलाकडे रियाधला आलो होतो. परतीला बारा दिवस उरले असताना अभयने जेवणाच्या टेबलावर फोन पुढे केला. "बाबा, हा तुमचाच टँक ना?"

"टँक नाही, बीएमपी," असं म्हणत ह्यांनी ताट बाजूला सारलं. हे ताट सहसा बाजूला सारत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बीएमपी ही मूळ रशियन बनावटीची चिलखती गाडी. टँकसारखी पट्ट्यांवर चालते, पण तिचं काम माणसं नेण्याचं. पुढे डावीकडे चालक, त्याच्या पाठीमागे कमांडर, मधे लहानशी तोफ आणि मागच्या भागात एकमेकांकडे पाठ करून बसलेले आठ जवान. नदी आडवी आली तर ती पाण्यात उतरते आणि पोहत पलीकडे जाते. आमच्या ह्यांनी लष्करात अशी गाडी चौदा वर्षं चालवली.

फोनवरची बीएमपी खफजीची होती. खफजी म्हणजे सौदीचं कुवेतच्या सीमेवरचं शेवटचं गाव. कुवेतच्या युद्धात इराकी सैन्य तिथपर्यंत आलं होतं. जाताना मागे राहिलेली ही एक गाडी एका हौशी म्हाताऱ्याने आपल्या शेतघराच्या अंगणात आणून ठेवली होती. पण गेल्या आठवड्यात पाहायला आलेलं एक पोर आत अडकलं. म्हणून शनिवारी दुपारी सगळी झाकणं वेल्डिंग करून बंद करणार, असं त्याने व्हिडिओखाली लिहिलं होतं.

"मला त्याआधी जायचंय," हे म्हणाले.

"गुडघा बदलून आठ महिने झालेत. बाहेरून बघायची असेल तर चला," मी म्हटलं.

"बाहेरून उपयोग नाही. आत बसून एक गोष्ट बघायचीय."

मग ती गोष्ट त्यांनी सांगितली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. श्रीलंकेत शांतिसेनेच्या वेळी जाफन्याच्या एका बोळात ह्यांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली आणि रस्ता बंद झाला. ह्यांचे कमांडर, हवालदार कदम, झाकणातून छातीपर्यंत बाहेर उभे होते. छपरावरून गोळी आली ती त्यांच्या खांद्यात शिरली. इंटरकॉम सकाळपासूनच बंद होता. इंटरकॉम बंद पडला की कमांडरने चालकाच्या खांद्यावर हाताने थाप मारायची, हा त्यांच्या गाडीचा रिवाज. एक थाप म्हणजे पुढे, दोन थापा म्हणजे मागे. चालकाला मागचं काही दिसत नाही, त्यामुळे थापेशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. ह्यांनी घेतली. भिंती घासत तो अख्खा बोळ उलटा पार केला. आतले आठही जण वाचले. नंतर साहेबांनी विचारलं, माघारीचा हुकूम कुणी दिला? कदम स्ट्रेचरवरून म्हणाले, मी दिला, दोन थापा मारल्या.

"आणि तुम्हाला लागल्या होत्या का थापा?" अभयने विचारलं.

"नाही जाणवल्या. पण त्या गडबडीत जाणवल्या नसतील, असंही होतं. उभ्या माणसाचा पाय पोचत असेल. पळून आलो की हुकमाने आलो, एवढंच मला बघायचंय."

आपल्याकडे छावण्यांच्या दारात चौथऱ्यावर ठेवलेल्या गाड्यांची झाकणं कधीच बंद करून टाकलेली असतात. कदम सुभेदार होऊन निवृत्त झाले, साताऱ्याला राहिले आणि गेल्या पावसाळ्यात गेले. ह्यांचा गुडघा तेव्हा टाक्यांत होता, त्यामुळे अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही. मी थर्मास काढून ठेवला.

शुक्रवारी सकाळी सातला अभय, त्याची मुलगी आणि आम्ही दोघे असे चौघे निघालो; सूनबाई रियाधलाच राहिली. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत रस्ते मोकळे असतात, हे लक्षात ठेवा. रियाध ते दम्माम चारशे किलोमीटर, रस्ता सरळ आणि चारपदरी. दोन्हीकडे उंटांसाठी तारेचं कुंपण आणि पलीकडे वाळू. पेट्रोल आपल्या निम्म्या भावात मिळतं, त्यामुळे अभय टाकी भरताना पाटीकडे बघतही नाही. पंपावरची स्वच्छतागृहं मात्र कशी असतील सांगता येत नाही. साबण आणि कागद आपला आपण ठेवावा. करक म्हणजे कडक दुधाचा चहा दोन रियालला मिळतो आणि उत्तम असतो. साखर कमी सांगितली तरी तेवढीच येते.

नात सई अकरा वर्षांची आहे. आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. वाटेत तिने आजोबांना विचारलं, एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं कसं? मी फिजिक्सची शिक्षिका होते, म्हणून मीच तोंड उघडलं. हे म्हणाले, "तुझं पुस्तकातलं राहू दे. तळाची बूचं लावली असली तर तरंगते. आमच्या एकाने तलावावर सरावाच्या वेळी एक बूच लावलं नव्हतं. आतले आठ जण घोट्यापर्यंत पाण्यात बसून पलीकडे गेले आणि सगळा वेळ त्याच्या खानदानाचा उद्धार करत होते."

"हू वॉज दॅट एक?" सईने विचारलं.

हे खिडकीबाहेर उंट बघू लागले.

रात्री दम्माममध्ये समुद्राजवळ साध्या हॉटेलात राहिलो. चौघांना एक मोठी खोली, आत शेगडीसकट. जेवायला मंदी मागवली. भात आणि कोकरू एका परातीत येतं आणि दोन माणसांची परात आम्हा चौघांना पुरून उरली. थंडीत जात असाल तर स्वेटर घ्या. वाळवंट म्हटल्यावर लोक सुती कपडेच घेऊन येतात आणि मग कुडकुडतात.

शनिवारी जुबैलवरून उत्तरेकडे तीन तास. शहर संपलं की समुद्र मधूनच दिसतो, मधूनच जातो. हे सारखे घड्याळ बघत होते. त्यात एका वळणावर अभय चुकला आणि आम्ही वीस किलोमीटर उलटे गेलो.

"जरा बायकोला विचारलं असतं तर," हे म्हणाले.

"बाबा, ती रियाधला आहे."

"फोन आहे ना!"

खफजीच्या अलीकडे शेतघर सापडलं तेव्हा दीड वाजला होता. फाटकावर एक दाढीवाला माणूस वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवून उभा होता. आमचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला. "मराठी? कुठले तुम्ही?"

हा इस्माईलभाई, रायगडातल्या म्हसळ्याचा. एकोणीस वर्षं इथे आहे. "फोन करायचा ना ताई! मी हात लावला असता का? असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर कामाला लागणार होतो. कफीलने, म्हणजे आमच्या मालकाने, सिलिंडरपण आणून ठेवलेत."

मालक अबू नासिर सत्तरीचे, पांढऱ्या झग्यात. त्यांनी आधी कहवा आणि खजूर दिले. पाहुण्याने निदान तीन खजूर खाल्ल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, अशी पद्धत दिसली. ह्यांनी तीन खजूर अर्ध्या मिनिटात संपवले. इस्माईलभाईंनी सगळं अरबीत समजावून सांगितलं. अबू नासिर ह्यांच्या गुडघ्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मोडकंतोडकं हिंदी येतं.

"मैं ना नहीं बोलता. लेकिन पैर खराब. मदाम बोले ला, तो ला. मदाम बोले यल्ला, तो यल्ला."

ला म्हणजे नाही, यल्ला म्हणजे चला. सगळे माझ्याकडे बघू लागले. ह्यांनी एक शब्दही काढला नाही. मला तेच जास्त लागलं. एरवी भाजीत मीठ कमी असलं तरी हा माणूस पाच मिनिटं बोलतो.

"दहा मिनिटं," मी म्हटलं. "आणि मागच्या सीटवर मी."

गाडी वाळूच्याच रंगाची होती, जेमतेम माणसाच्या उंचीची, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच बुटकी. इस्माईलभाईंनी तेलाचं रिकामं पिंप लावलं, त्यावर स्टूल. अभयने खालून धरलं, हे वर चढले आणि झाकणातून आत उतरताना त्यांनी ऑपरेशनचा पाय आधी टाकला. मी ओरडले. "असाच टाकायचा असतो," आतून आवाज आला. साडीचा नाद मी रियाधलाच सोडला होता ते बरं. पंजाबी ड्रेसमध्येसुद्धा त्या भोकात उतरताना माझी अब्रू राहिली असेल असं वाटत नाही. सईने फोटो काढले आहेत. ते इथे लावणार नाही.

आत गंज, वाळू आणि जुन्या तेलाचा वास. माझ्यापुढे हातभर अंतरावर ह्यांचं डोकं. उजवीकडे इंजिनाची भिंत. ह्यांनी मोटारसायकलच्या हँडलसारखा दांडा धरला आणि पायांनी काहीतरी चाचपलं. तेवढ्यात ते एकदम ताठ बसले. कॉलेजच्या पोरासारखी पाठ झाली त्यांची.

"बसून थाप मार," ते म्हणाले.

मी हात पुढे केला. आरामात पोचला. दोन थापा मारल्या.

"बरोबर. आता उभी राहा. छातीपर्यंत बाहेर."

मी उभी राहिले. बाहेर अभय, सई, अबू नासिर आणि इस्माईलभाई माना वर करून बघत होते. हात खाली सोडला, तर तो झाकणाच्या कडेलाच अडला. वाकून पाहिलं, तरी त्यांच्या केसांपर्यंतसुद्धा जाईना. कदम माझ्यापेक्षा वीतभर उंच होते, हे ह्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे त्यांचा हात आणखीच वर राहणार, आणि त्यातून एक खांदा फुटलेला.

"पायाने मार!"

बुटाने मारलं. सीटच्या लोखंडी पाठीवर आपटलं. "लागलं?"

"नाही. जोरात."

मी जोरात मारलं. माझीच बोटं दुखली. "आता?"

ते सीटवर आणखी मागे रेलले. मग ते म्हणाले, "काही कळलं नाही. आणि इंजिन तर बंद आहे."

मी खाली बसले. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. तिथून फक्त थोडी वाळू आणि फाटकाचा खांब दिसत होता. मला वाटलं, आता हे रडणार. पण त्यांचे खांदे हलले ते हसण्याने.

"सुभेदार पक्का खोटारडा निघाला. रक्त वाहतंय, आणि स्ट्रेचरवर पडून साहेबाला थाप मारतोय."

"आणि तुम्ही?"

"मी हुकमाशिवाय मागे आलो. आलो तर आलो."

वर ओढून काढायला तिघे लागले. अबू नासिरनी काय झालं ते इस्माईलभाईंकडून ऐकलं आणि ह्यांचं कपाळ चुंबलं. हे इतके लाजले की मला नवीनच माणूस बघितल्यासारखं वाटलं. दहाची तेवीस मिनिटं झाली होती. असरची बांग झाल्यावर इस्माईलभाई नमाजाला गेले, परत आले आणि मुखवटा खाली घेतला. आम्ही वेल्डिंग बघायला थांबलो नाही. निघताना त्यांनी म्हसळ्याच्या घरच्या आंबोशीची, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडींची, पुडी माझ्या हातात कोंबली. त्यांनाच घरून थोडीशी येते, म्हणून मी घेत नव्हते, पण ते ऐकेनात.

जायचं असेल तर बाहेरून अजूनही बघता येते. तिकीट नाही. आधी फोन करावा आणि खजूर नको म्हणू नये.

भारतात परतल्यावर पहिल्याच रविवारी हे मला घेऊन साताऱ्याला गेले. कदमवहिनी अंगणात पापड वाळत घालत होत्या. हे उभ्या उभ्याच बोलू लागले. अंत्यदर्शनाला न आल्याची माफी मागितली, मग खफजी, मग सीट, सगळं उलटसुलट. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे, भाऊजी. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हाच सांगितलं त्यांनी. म्हणाले, पोराने विचारलं तर खरं सांगून टाक, नाही विचारलं तर त्याला वाटू दे हुकूम होता म्हणून." त्यांनी एक पापड उलटा केला. "तुम्ही दर दिवाळीला आलात. विचारलं मात्र कधी नाही."

हे पायरीवर बसले. कदमवहिनींनी त्यांच्या हातात पापडांचं ताट दिलं आणि दुसरी बाजू उन्हाकडे करायला सांगितली. त्यांनी ती केली.