गयाबाईचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ अजून उचलत नाही.

मी इतिहास शिकवतो, जालना जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. आमच्याकडचं चर्चासत्र कसं असतं, तुम्हाला ठाऊक असेल — शाल, श्रीफळ, मोठा बॅनर, आणि पेपरांपेक्षा जेवणाची चर्चा जास्त. त्या वर्षी विषय होता वसाहतोत्तर राजकारण आणि विकास. जेवण भाऊसाहेबांकडून. भाऊसाहेब आमच्या संस्थेवर होते, मंठ्याकडच्या एका गावचे मोठे जमीनदार. अशी माणसं उद्घाटन उरकलं की निघून जातात. ते गेले नाहीत. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून त्यांनी माझा सबंध पेपर ऐकला. मला तेव्हाच कळायला हवं होतं... छे, कळलं होतं.

पेपर त्यांच्याच गावावर होता. गावाचं नाव मी घेतलं नव्हतं, इतकंच. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तिथं पाझर तलाव मंजूर झाला. आखणी झाली पाटलाच्या शेतात. मग एका पहाटे आखणीचे दगड उपटून गायरानात नेऊन रोवले गेले, आणि तिथं कसणाऱ्या बौद्ध घरांची शेतं पाण्याखाली गेली. दगड नेताना पाहणारी एक बाई अजून हयात होती. गयाबाई. माझी पीएचडीची विद्यार्थिनी सुजाता, तिची ही चुलती. सुजातानंच मला तिच्या ओसरीवर नेऊन बसवलं होतं. आणि तो पाटील म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

गयाबाई सगळं बोलली. शेवटी म्हणाली, “नाव कुठं येऊ देऊ नका, सर. तुम्ही जाताल निघून. मला हितंच ऱ्हायाचंय.” तिच्या उरलेल्या तुकड्याकडं जाणारी वाट भाऊसाहेबांच्या शेतातून होती.

मी शब्द दिला. पेपरात ‘एक वृद्ध स्त्री’ एवढंच लिहिलं. हैदराबादहून आलेल्या पाहुण्यांनी त्याबद्दल माझं चारचौघांत कौतुक केलं.

मग जेवण. पाहुणे आणि मी ताटं घेऊन उभे होतो. भाऊसाहेब जवळ आले, हसत म्हणाले, “सर, पेपर बराबर झाला. पन अशी बाई खरंच हाय का? का पेपरासाठी उभी केली?”

पाहुणेही हसले. तुम्ही या पेशातले नसाल तर कसं समजावू? पुरावा रचला — याहून मोठी शिवी आमच्यात नाही. मला कुणी चोर म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. पाहुणे दही घ्यायला वळले, आणि मी भाऊसाहेबांच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. धमकी नव्हती. आमिष नव्हतं. कुणी दरडावलं असतं तर आज निदान तेवढं तरी सांगता आलं असतं.

“असं व्हय,” ते म्हणाले. वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात आणखी एक जिलेबी घालायला लावली. मी ती खाल्ली.

पुढं बरेच दिवस काहीच झालं नाही. त्या काहीच न होण्याची मला फार भीती वाटायची. भाऊसाहेब भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करत. मग गयाबाईच्या वाटेवर जेसीबीनं चर खणला गेला. मग तिच्या उभ्या तुरीत ढोरं शिरली — कुणाची, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. खुरपणीला तिला कुणी बोलवेना. दुकानदार तिच्याकडं बघेना.

सुजाता माझ्या केबिनमध्ये आली. “सर, तुम्ही कुठं बोलला व्हता का?”

मी म्हणालो, “मी? नाही. तू होस्टेलवर कुणाला...” आणि वाक्य अर्धंच सोडलं. ते मुद्दाम सोडलं का? हो. रूममेटपाशी तिनं एकदा सगळं बोलून दाखवलं होतं. “मंग माझ्याकडूनच गेलं,” ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं.

तिनं गावी जाऊन कबुली दिली, न केलेल्या गोष्टीची. चुलती तिच्याशी पुन्हा बोलली नाही. घर तुटलं, पीएचडी सुटली. मी तिच्या जागी दुसरा विद्यार्थी घेतला.

गेल्या हिवाळ्यात गयाबाई वारली. जलदानाच्या कार्यक्रमाला मी गेलो. मला पुढं खुर्ची दिली, दोन शब्द बोला म्हणाले. आणि मी बोललो. ती किती धीराची होती, खरं सांगताना कशी कचरली नाही — बोलत राहिलो. माणसं माना हलवत होती. सुजाता मांडवाबाहेर रस्त्यावर उभी राहून ऐकत होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

निघताना ती माझ्या गाडीपाशी आली. “तुम्ही तरी आलात, सर. माझ्यामुळं झालं समदं.”

आसपास कुणी नव्हतं. सांगता आलं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे, पोरी. होतं माणसाकडून.”

ती रडली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “बरं वाटलं, सर.”