शेवटच्या डब्याचं चाक

आमच्या घाटगाडीत इंजिनाइतकीच कामाची माणसं डब्यांच्या टोकाला उभी असतात, पण त्यांचे फोटो कोणी काढत नाही. प्रत्येक डब्याला एक ब्रेकवाला. उतरताना इंजिन खालच्या अंगाला, डबे त्याच्या मागे, आणि दोन रुळांच्या मधे शंभर वर्षांपूर्वी बसवलेला दातेरी रूळ. इंजिनाने एक शिट्टी दिली की ब्रेकचं चाक आवळायचं, दोन दिल्या की सैल सोडायचं. सगळ्यांनी एकदम. एकाने उशीर केला की त्याच्या डब्याचा भार पुढच्यांच्या बोकांडी. प्रवासी इंजिनाकडे डोळे भरून बघतात आणि ब्रेकवाल्याला विचारतात, संडास कुठे आहे.

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शेवटच्या डब्याचे ब्रेकवाले. सव्वीस वर्षं एकच चाक. त्या हाताला घरीही चैन नसायची. मोरीतला नळ असा आवळायचे की ताईला तो दोन्ही हातांनी उघडावा लागायचा. दर दोन महिन्यांनी वॉशर कामातून जायचा आणि तो बदलायचं काम माझ्या गळ्यात, कारण मी वर्कशॉपातला फिटर. ताई म्हणायची, "आमच्या घरी पाणी येत नाही, उतारावर थांबवून ठेवलंय." दाजी मिशीत हसायचे.

तीन वर्षांपूर्वी ते हसेनासे झाले. आधी वाटलं, ताईचं बोलणं मुद्दाम कानाआड करतात; नवऱ्यांना ती सवय असतेच. पण एकदा यार्डात त्यांच्या पाठीशी इंजिनाची शिट्टी झाली आणि यांनी मानसुद्धा वळवली नाही, तेव्हा खरं काय ते मला कळलं.

ब्रेकवाल्याच्या कानांची दर वर्षी परीक्षा असते. खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, मागून डॉक्टर शिट्टी फुंकतो, एक की दोन ते सांगायचं. चुकलात की चाक सुटलं, कायमचं. मग स्टोअरच्या खोलीत बसून जुने नटबोल्ट निवडत बसा. ताई माझ्याकडे आली. "त्या खोलीत ते झुरतील रे. तू काहीतरी कर."

मी केलं. खिडकीबाहेर एक बाक आहे. त्यावर दाजींच्या अगदी समोर बसून, डॉक्टरला दिसणार नाहीत अशी बोटं दाखवायची. एक. दोन. दोन. एक. डॉक्टर खूश, म्हणे कान अगदी तिखट आहेत. तीन वर्षं हे नाटक चाललं. मला लाज वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला.

"पण गाडीवर कसं जमवता?" एकदा त्यांच्या तोंडासमोर तोंड धरून मी विचारलं.

"पुढच्या डब्यावर लंबू असतो ना. तो कठड्याबाहेर झुकलेला असतो. त्याचा खांदा हलला की माझा हात फिरतो."

"आणि लंबू दिसला नाही तर?"

"दिसतो. एवढा उंच कशाला वाढलाय मग?"

विषय तिथेच संपला. संपवायला मलाही बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात पंपाच्या कामासाठी मी वरच्या स्टेशनावर होतो. दुपारची गाडी उतरायला उभी, डबे माणसांनी भरलेले, आणि धुकं असं उतरलं की लंबू तर सोडाच, त्याचा डबाही दिसेना. आमच्याकडे धुकं रोजचंच, पण असलं दाट मी पाहिलं नव्हतं. दाजी चाकावर हात ठेवून पुढे झुकले, डोळे बारीक केले, पुन्हा झुकले. मी दहा पावलांवर होतो. ओरडून सांगायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर त्यांच्याबरोबर माझीही नोकरी गेली असती, हा विचार आधी आला.

दाजींनी चाक सोडलं, खाली उतरले आणि गार्डसमोर जाऊन उभे राहिले. ऐकू न येणारा माणूस मोठ्याने बोलतो, त्यामुळे सगळ्या फलाटाने ऐकलं. "मला शिट्टी ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. चाकावर दुसरा माणूस द्या."

गार्डला आधी थट्टाच वाटली. मग त्याने खिशातला कागद काढून लिहिलं, परीक्षा कशी पास झालात?

"ते माझं मी बघितलं," दाजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

फिटरलाही चाकाचं काम शिकवलेलं असतं. गार्डने मलाच चाकावर उभं केलं. दाजी डब्यात जाऊन काचेमागच्या पहिल्या बाकावर बसले, तिकीट काढलेल्या माणसासारखे.

गाडी सुटली. शिट्टी झाली, मी आवळलं आणि मागे वळून पाहिलं. दाजींची नजर माझ्या खांद्यावर होती आणि गुडघ्यावर त्यांची मूठ फिरत होती. दोन शिट्ट्या झाल्या, मी सैल सोडलं. मूठ फिरली, पण माझ्यानंतर. पुढच्या वेळीही माझ्यानंतर. अर्धा श्वास मागे. तासाभराच्या उतारात ती मूठ एकदाही वेळेवर फिरली नाही. शेवटच्या डब्यात रोज चाळीस माणसं बसायची, आणि खिडकीबाहेर बसून बोटं मी दाखवली होती.

खालच्या स्टेशनावर दाजी माझ्याजवळ आले. "मला उशीर होत होता ना?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"आता पुरे," ते म्हणाले. "खरं सांग."

"होत होता," मी म्हटलं. ओठ वाचता येतील असं, सावकाश.

त्यांनी मान डोलावली. खिशातलं फडकं काढून चाक पुसलं, फडकं माझ्या हातात दिलं आणि स्टोअरच्या खोलीची किल्ली मागायला ऑफिसकडे गेले.