पुन्हा नवा जादूगार

रविवारी दुपारची भांडी आवरून ती हात पुसत बाहेरच्या खोलीत आली, तर टीव्हीवर कोरा करकरीत जादूगार उभा होता आणि नवरा त्याच्यासाठी दाढी निवडत बसला होता. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"कालच्याला काय झालं?"

"त्याचे सगळे पॉइंट आगीत गेले गं. दलदलीत जो तो ओला. आग लागतच नाही कुणाला."

"आणि त्याच्या आधीचा, विजेवाला?"

"पाण्यात उभं राहून वीज सोडली की आपल्यालाच बसते. तूच मेलीस ना दोनदा."

"बर्फवाला?"

"त्याची बुद्धी कमी पडली," तो गंभीरपणे म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला. या खेळात दोघं एकत्र निघायची. ती तलवारवाली, तो जादूगार. राक्षस मारले की पॉइंट मिळायचे आणि ते ताकद, बुद्धी, चपळाई किंवा एखाद्या मंत्रावर खर्च करायचे. एकदा खर्च केलेला पॉइंट परत घेता येत नाही, असं नवऱ्याने पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे दलदलीच्या टोकाच्या पुलापर्यंत पोचलं की त्याला हटकून सुरुवातीची चूक दिसायची, जुना जादूगार पुसला जायचा आणि नवा जन्माला यायचा. दोघांचा खेळ एकच, त्यामुळे तिची तलवारवालीही मुकाट पुन्हा सुरुवातीला यायची. गावाबाहेरचे तेच ते लांडगे मारून ती विटली होती.

माणूस वाईट नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. पण तिचा भाऊ त्याला पाठीमागे 'श्रीगणेशा' म्हणायचा, ते काही उगाच नाही. लग्न झालं तेव्हा तो घड्याळं दुरुस्त करायचा. एका म्हातारबुवांच्या घड्याळाची स्प्रिंग त्याच्या हातून तुटली, आणि हे आपलं काम नव्हे असा त्याला साक्षात्कार झाला. मग फोटो स्टुडिओ, मग बेकरी. दर वेळी तोच उत्साह, आणि पहिली चूक झाली की तीच गुंडाळागुंडाळ. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुया टोचते. शीर सापडली नाही तर दुसरा हात बघते, नोकरी सोडून घरी येत नाही. हे तिने त्याला सांगूनही पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

सध्या तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दोन वर्षं टिकला, म्हणून तिच्या जिवात जीव आला होता. गेल्या आठवड्यात एका बाईंची तिरक्या नंबरची काच त्याने जराशी फिरवून बसवली आणि त्यांना जिन्याच्या पायऱ्या कलंडलेल्या दिसायला लागल्या. मालकीण एवढंच म्हणाली, "दुसरी काच घे आणि नीट बसव." पण याचं मन उडालं ते उडालंच. सोमवारी राजीनामा द्यायचा आणि एसी दुरुस्तीचा कोर्स धरायचा, असं शुक्रवारीच जाहीर झालं होतं. त्यावर काही बोलायला जावं, तर हा कानात बोळे घातल्यासारखा बसायचा.

"कालचा पुसलास?" तिने विचारलं.

"अजून नाही. हा झाला की पुसतो."

तिने त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. "कालचाच काढ. आज पूल ओलांडायचा. पलीकडे काय आहे ते मला एकदा बघायचंय."

"अगं, त्याच्याने होणार नाही. मुळातच चुकलाय तो."

"चुकलेलाच घेऊन जायचं."

पुलावर एक अवाढव्य बेडूक ठाण मांडून बसला होता. जादूगाराने आग सोडली, फुस्स झालं, आणि बेडकाने त्याला एका घासात गिळलं. दुसऱ्यांदाही तेच. नवरा 'बघ, सांगत होतो' असा चेहरा करून बसला होता, ते बेडकापेक्षा असह्य होतं.

"मंत्रबिंत्र राहू दे," ती म्हणाली. "तू नुसता पळ. तो तुझ्या मागे लागला की मी मागून हाणते."

असा जादूगार कुणी पाहिला नसेल. झगा सावरत तो जीव मुठीत धरून पळायचा आणि ती बेडकाच्या पाठीत तलवार घालायची. मेले, पुन्हा पळाले, पुन्हा मेले. तिच्या अंगठ्याला कळ लागली तेव्हा कुठे बेडूक आडवा झाला.

पूल संपल्यावर कोरडा चढ होता. चार पावलांवर झोपडी आणि दारात एक म्हातारा. नवऱ्याने बटण दाबलं. म्हातारा म्हणाला, "तुझे सगळे पॉइंट परत घे आणि हवे तिथे लाव. कितीदाही ये. मी इथेच असतो."

तिला हसू यायला हवं होतं. आलं रडू, आणि तेही संतापाचं. एवढे जादूगार, एवढ्या निवडून लावलेल्या दाढ्या, सगळे याच्या दारात येता येता पुसले गेले.

"हे आधी सांगायला नको का यांनी?" नवरा वैतागून म्हणाला.

"कुणाला सांगणार? इथवर आलं होतं कोण?"

तो ओशाळला. थोड्या वेळाने पडद्याकडेच बघत म्हणाला, "दुकानातही पुढे असं कुणी भेटेल, असं म्हणायचंय का तुला?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुझ्याबरोबर मी फक्त सुरुवातीच बघितल्यात. पुढचं मला काहीच माहीत नाही."

म्हाताऱ्याकडून एकही पॉइंट परत न घेता नवऱ्याने तो चुकलेला जादूगार पुढच्या वाटेला लावला, आणि ती मागून येतेय ना हे बघायला थांबला.